टाकीतलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

प्रश्न: सात आठवड्यांपूर्वी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. कोरडा खडक, नवी वाळू आणि पाचव्या आठवड्यात दोन क्लाउनफिश. आधी वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर आला. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आता खडकावर हिरव्या केसांसारखं शेवाळ वाढतंय. नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास येतं, फॉस्फेट मात्र शून्य. मग हे जगतंय कशावर? पाणी घरच्या पिण्याच्या आरओचं वापरते. लाइट दहा-अकरा तास चालू असतो. शेवाळ मारायचं औषध टाकू का? की सगळं रिकामं करून नव्याने सुरुवात करू?

उत्तर: रिकामं करू नका आणि औषधाची बाटली उघडूही नका. नवा खडक आणि नवी वाळू म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेवर जो आधी पोचेल त्याचं राज्य. पुन्हा सुरुवात केलीत तर हेच सात आठवडे पुन्हा काढावे लागतील.

तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा आहे. बोट फिरवलं की धुळीसारखा उडतो, हीच त्याची खूण. डायटम स्वतःभोवती सिलिकाचं कवच बांधतात, त्यामुळे पाण्यात सिलिकेट आहे तोवर ते येत राहणार. थोडं नव्या वाळूतून येतं, ते काही आठवड्यांत संपतं. पण तुमच्या बाबतीत मला संशय आहे तो पाण्यावर.

पिण्याच्या पाण्याच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळायची सोय असते. यंत्रातून येणारं पाणी टीडीएस मीटरनं, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरनं मोजा. ४०-५० आकडा आला तर ते प्यायला छान, टाकीला नाही. टाकीसाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लागते आणि मीटरवर शून्य दिसावं लागतं. रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं आणि मीटर ते नीट पकडत नाही, म्हणून आकडा शून्यावरून हलायला लागला की रेझिन लगेच बदला. आता बाष्पीभवनाचा हिशोब बघा. दिवसाला दोन लिटर पाणी उडत असेल तर महिन्याला साठ लिटर नवं पाणी टाकीत जातं. उडतं ते निव्वळ पाणी. त्यातलं सिलिकेट आणि फॉस्फेट मागे राहतं आणि साठत जातं. पाण्याचा बदल आठवड्यातून एकदा होतो, हे रोज होतं.

फॉस्फेट शून्य का दिसतं? कारण ते पाण्यात उरतच नाही. कोरड्या खडकातून झिरपतं, माशांच्या खाण्यातून येतं, आणि तुमच्या किटपर्यंत पोचायच्या आत शेवाळ ते खाऊन टाकतं. म्हणून शेवाळ हातानं काढून टाकणं हाच फॉस्फेट बाहेर काढायचा सगळ्यात सरळ मार्ग आहे. मी जुन्या टूथब्रशच्या दांड्याला हवेच्या पंपाची बारीक नळी रबरबँडनं बांधते, नळीचं तोंड ब्रशच्या केसांपाशी ठेवते आणि सायफन चालू करून खडक घासते. सुटलेले धागे तरंगत दुसरीकडे रुजण्याआधीच नळीतून बादलीत जातात. बादली भरेपर्यंत पाण्याचा बदलही झालेला असतो. आठवड्याला १० ते १५ टक्के पुरे.

खडक बाहेर काढून घासायचा मोह होईल. माझी पहिली टाकी तीन महिन्यांची असताना मी तेच केलं. सगळा खडक नळाखाली घासला, फिल्टरचा स्पंजही तिथेच धुतला. टाकी चकाचक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थराशी तोंडाची उघडझाप करत होते, आणि अमोनियाच्या टेस्टचं पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं होतं. नळाच्या क्लोरीननं खडकावरचे जिवाणू मेले होते. तीनांपैकी एक मासा गेला. तेव्हापासून काही धुवायचं झालं तर टाकीच्याच काढलेल्या पाण्यात, आणि एका वेळी एकच तुकडा.

औषधाला माझा विरोध अशासाठी की शेवाळ एकदम मेलं की कुजतं, ऑक्सिजन ओढतं आणि धरून ठेवलेलं सगळं अन्न पाण्यात परत सोडतं. गोड्या पाण्याच्या काही औषधांत तांबं असतं. ते गोगलगायी आणि कोळंबीला मारतं, शिवाय खडकात मुरून बसतं.

लाइट सात तासांवर आणा. टाकीत प्रवाळ नाहीत, त्यामुळे कुणाचंच नुकसान नाही. गोठवलेलं खाणं वितळवून गाळणीत धुवा, मग द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील तर पाच-सहा ट्रोकस गोगलगायी आणा. उलटी पडली तरी ट्रोकस स्वतःहून सरळ होते. क्षारतेतला फरक गोगलगायींना सोसत नाही, म्हणून थेंब-थेंब पाणी देत तासभर तरी रुळवा. लांब धागे त्या खात नाहीत, तेव्हा आधी ब्रश, मग गोगलगायी.

एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. आधी पाणी.

प्रश्न: शेवाळ जावं म्हणून फॉस्फेट काढणारं माध्यम भरपूर घातलं. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. आता वाळूवर शेंबडासारखे तपकिरी धागे आहेत, टोकाला बुडबुडे. गोगलगायी मरतायत.

उत्तर: लक्षणं डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या एकपेशीय जीवांची आहेत. खात्री करा: थोडे धागे टाकीच्या पाण्यात घालून बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा धागे जमले तर तेच. यांच्यातले काही विषारी असतात, गोगलगायी त्यामुळेच जात असाव्यात. उरलेल्या असतील तर दुसऱ्या टाकीत हलवा. हात घातलात तर लगेच स्वच्छ धुवा.

शेवाळासारखे प्रतिस्पर्धी उपाशी मेले की यांना रान मोकळं मिळतं. ते माध्यम आजच काढा, पाण्याचा बदल थांबवा, खाणं थोडं वाढवा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत येऊ द्या. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिवा चालतो. वाळूतच राहणाऱ्या अ‍ॅम्फिडिनियमवर नाही. म्हणून दिवा घेण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा, ४०० पट पुरेल.