सुरतेचा माल हवा, पण आधी गांधीनगर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कराडहून घरबसल्या साड्या-कुर्त्या विकायच्या आहेत, हाताशी 40 हजार आहेत, सुरतेच्या 'फॅक्टरी डायरेक्ट' म्हणवणाऱ्या पाच-सहा व्हॉट्सअॅप ग्रुपांत तुम्ही आहात आणि त्यातला खरा होलसेलवाला कोण ते कळत नाही.

आधी ते 'फॅक्टरी डायरेक्ट' डोक्यातून काढा. सुरतेत साडी सहसा एका छताखाली तयार होत नाही. विणकर यंत्रमागावर कोरं कापड काढतो, प्रोसेस हाउसमध्ये त्याची रंगाई-छपाई होते, लेस आणि एम्ब्रॉयडरी मजुरीवर बाहेर करायला दिली जाते, आणि हे सगळं जुळवून आणून विकतो तो रिंग रोडच्या मार्केटातला व्यापारी. तुमच्या-माझ्यासाठी सुरतेचा होलसेलवाला म्हणजे हाच. तो फॅक्टरीवाला नसला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते ग्रुपवाल्यापाशी. त्याच्या हातात माल नसतोच. दुसऱ्याच्या ग्रुपवरचे फोटो उचलून त्यावर तीस-चाळीस रुपये चढवून तो पुढे पाठवतो. साडी खराब निघाली की 'वरून विचारून सांगतो' हे त्याचं ठरलेलं उत्तर.

ओळखायचा उपाय फुकट आहे. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाका. नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : गुजरात 24, महाराष्ट्र 27. पुढची दहा अक्षरं पॅनची. नंबरातलं सहावं अक्षर पी असेल तर धंदा एका माणसाच्या नावावर, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. पोर्टलवर फर्मचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, रिटर्न भरलेत का आणि धंद्याचं स्वरूप एवढं दिसतं. स्वतःला उत्पादक म्हणवणाऱ्याच्या नोंदीत नुसता किरकोळ व्यापार असेल तर समजून जा. यूपीआयवर पैसे टाकताना नाव दिसतं, तेही याच्याशी जुळवा. बिल एका नावाचं आणि पैसे भलत्याच कुणाच्या खात्यात, असा व्यवहार करूच नका. आणि 'पार्सल चेकपोस्टवर अडलंय, टॅक्स भरा' असा फोन आला तर दमडीही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. जितका उशीर तितकी आशा कमी.

आता खरा सल्ला. पहिली खरेदी सुरतेहून करू नका. कराडहून कोल्हापूरजवळचं गांधीनगर, म्हणजे कपड्यांची घाऊक पेठ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. (दुसऱ्या महायुद्धात इथे वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं आली आणि त्यांनी ही पेठ उभी केली.) माल बराचसा सुरतेचाच. नगामागे थोडे जास्त जातील, पण साडी हातात घेऊन बघता येते, मन वळवलं तर अर्धा सेटही (सेट म्हणजे एकत्रच विकला जाणारा साड्यांचा गठ्ठा) मिळतो, आणि खोट निघाली तर पिशवी घेऊन त्याच दुकानात जाऊन उभं राहता येतं.

दुकानात गेल्यावर वरच्या घडीवर जाऊ नका, साडी पूर्ण उलगडायला लावा. सुरतेकडे कट 6.30 सांगतात, म्हणजे साडी 5.50 मीटर आणि ब्लाउज पीस 80 सेंटिमीटर. स्वस्त लॉटमध्ये इथेच कात्री लागते. मीटरपट्टी बरोबर न्या, दुकानदार हसला तरी मोजा. निऱ्यांचा भाग ट्यूबलाइटसमोर धरा, विरळ विणलेलं लगेच दिसतं. ओला पांढरा रुमाल काठावर घासा. मरून आणि बॉटल ग्रीन यांचा रंग उतरतोय का ते हमखास बघा. काठापदराच्या साडीची मागची बाजूही पाहा. हातमागाच्या पैठणीचा पदर पुढून-मागून जवळपास सारखाच दिसतो. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) काढलेल्या नकलेला मागे धाग्यांचं जाळं असतं. नक्कल विकायला हरकत नाही, पण तिला येवल्याची पैठणी म्हणू नका. पैठणीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, आणि गिऱ्हाइकांतली एखादी काकू तुमच्यापेक्षा जाणकार निघतेच.

मग भावाआधी दोन गोष्टी विचारा : हाच नग पुन्हा किती दिवस मिळेल, आणि डॅमेज निघाला तर बदलून देणार का? आपला धंदा फोटोवर चालतो. स्टेटसला एक साडी टाकली, पंधरा जणींनी तीच मागितली आणि व्यापाऱ्याकडे तो डिझाइन संपला, की पुढच्या वेळी त्या पंधरा जणी विचारणारही नाहीत. दहा रुपये महाग पण डिझाइन रिपीट करणारा व्यापारी मला केव्हाही चालतो.

कुर्त्या सध्या नकोतच. सेट एम ते डबल एक्सएल येतो, मोठी मापं आधी उडतात, एम घरात पडून राहतात. शिवाय माप चुकलं म्हणून परत. साडीला ही भानगडच नाही.

हिशेब असा मांडा. साडी समजा 450 ला पडली. 5 टक्के जीएसटी 22.50, तुमची नोंदणी नसेल तर हा परत मिळत नाही, खर्चातच धरायचा. गाडीभाडं-हमाली नगामागे 20, पाकीट 8. झाले साधारण 500. गिऱ्हाइकापर्यंतचं कुरिअर 70. 699 ला विकली तर 129 राहिले. आता कॅश ऑन डिलिव्हरीच्या दहांतल्या दोन परत आल्या, तर जाता-येताच्या कुरिअरचे 280 गेले, आणि आठ साड्यांच्या 1032 मधून 752 उरले. म्हणून सुरुवातीला पैसे आधी घ्या, निदान कुरिअरचे तरी.

विक्री महाराष्ट्रातच आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर कपड्यांच्या धंद्याला जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. पण कराडहून निपाणी-बेळगावच्या ऑर्डरी येणारच, आणि परराज्यात माल विकायचा तर नोंदणी लागते, उलाढाल कितीही कमी असो. हे सीएकडून एकदा नीट समजून घ्या.

सुरतेला जा, पण चार-सहा महिन्यांनी, काय खपतं ते कळल्यावर. मार्केटं स्टेशनपासून जवळच आहेत; रविवारी बंद. तिथे माल सेटनेच मिळतो. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) भाडं 'पेड' म्हणजे व्यापाऱ्याने भरलेलं की 'टू-पे' म्हणजे माल सोडवताना तुम्ही भरायचं, ते आधी ठरवा, नाहीतर गोडाऊनवर भाडं तुमच्याच गळ्यात पडतं. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. त्याशिवाय तक्रार कुणी ऐकत नाही. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत तिकडे शटर बंद असतात, त्यामुळे संक्रांतीच्या काळ्या साड्यांचं दिवाळीआधीच बोलून ठेवा. काळा रंग आपल्याकडे त्या एका सणाला धो-धो जातो, एरवी फारसं कुणी विचारत नाही. तेव्हा उरणार नाहीत इतक्याच घ्या.