वरुडची पोरगी अन् समुद्रातलं लोह

भाऊ, तुमचं पत्र वाचलं. पोरगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी घेऊन, आता म्हणते समुद्रातल्या फायटोप्लँक्टनवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर काम करायचं, अन् तुम्ही विचारता की वरुडात राहून हे खूळ काहून, बीएड करून मास्तरीण झाली तर काय वाईट.

खूळ नाही ते. तुमची संत्र्याची बाग आहे ना, मग चुनखडीच्या वावरात कोवळी पानं पिवळी पडतात अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात हे तुम्ही पाहिलंच असेल, मातीत लोह असतं पण झाडाला घेता येत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात असंच काहीसं चालतं. नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, तरी हे सूक्ष्म शेवाळ हवं तसं वाढत नाही, कारण एकतर तिथं लोह पोचतंच कमी, अन् जे येतं ते ऑक्सिजनवाल्या पाण्यात विरघळून राहत नाही, गंजासारखं होऊन खाली बसतं. २००९ मध्ये गोव्याच्या एनआयओनं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं) जर्मन शास्त्रज्ञांसोबत तिथं ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचं खत, फेरस सल्फेट सोडलं, हो तेच, बागेतलं! शेवाळ वाढलं, पण बारीक जीवांनी खाऊन टाकलं, अन् डायटम नावाच्या शेवाळाला कवचासाठी सिलिका लागतं तेच तिथं कमी होतं, त्यामुळे शेवाळानं हवेतला कार्बन शोषून खोल तळाला न्यावा ही आशा फारशी पुरी झाली नाही. झिंक, कोबाल्टही या शेवाळाला लागतं, तांबं जरा जास्त झालं की विष.

आता पोरीच्या कामाचं. या विषयात खरी मेहनत मोजण्यात आहे. खुल्या समुद्रात लोह इतकं कमी की जहाजाच्या लोखंडानं, धुळीनं नमुना बिघडतो, म्हणून ॲसिडनं धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या अन् वेगळी स्वच्छ लॅब लागते. म्हणजे केमिस्ट्री पक्की पाहिजे, विशेषतः ॲनालिटिकल, म्हणजे मोजमापाची. 'मरीन' नाव लावलेल्या महागड्या खासगी डिप्लोमात पैसे घालू नका, मला तरी त्यात राम दिसत नाही. एमएस्सी केमिस्ट्रीत करा किंवा गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट विद्यापीठ इथं समुद्रविज्ञानात, प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या आहेत, तारखा त्यांच्या साइटवर बघत राहा. एमएस्सीचं प्रोजेक्ट एनआयओत मिळतंय का तेही तिनं विचारावं, मुंबईलाही त्यांचं केंद्र आहे.

खरं सांगतो, नोकऱ्या थोड्या आहेत अन् पीएचडीशिवाय पुढं सरकत नाही, वर्षं जातात. पण सीएसआयआर नेट ही देशपातळीची परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप, घरभाडं वेगळं, म्हणजे तेव्हापासून तुमच्यावर बोजा नाही. समुद्र पाहिला नाही म्हणून अडत नाही, बरंचसं काम लॅबमध्येच असतं. अन् बीएड एमएस्सीनंतरही करता येतं, आत्ताच घाई कशाला.