पेशंट येत नाही, मग दवाखान्याने काय करायचं?

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या एका लहान शहरात जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. आमच्याकडे नाव असलेले बरेच ॲबोरिजिनल (इथले मूळनिवासी) पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येतच नाहीत. तेच लोक त्यांच्या समाजाच्या आरोग्य केंद्रात मात्र जातात. तिथे वेगळं काय असतं? आम्हाला त्यातलं काही जमेल का?

उत्तर : थोडं जमेल. जे जमणार नाही, तेच मुळाशी आहे.

त्या केंद्रांचा मालक समाज असतो. संचालक मंडळ समाजातले लोक निवडून देतात, आपण डॉक्टर तिथे नोकरीला. पहिलं केंद्र १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झालं, स्वयंसेवक डॉक्टरांच्या बळावर. सरकारी आरोग्य विमा यायला अजून चार वर्षं होती. खासगी डॉक्टरची फी परवडायची नाही, हॉस्पिटलातली वागणूक सोसवायची नाही, म्हणून लोक दुखणं अंगावर काढायचे. आज देशभर अशी १४० च्या वर केंद्रं आहेत.

मी अशा एका केंद्रात बरीच वर्षं काम केलं. ‘पेशंट आला नाही’ एवढ्यावर आमच्या मीटिंगमध्ये विषय कधी संपला नाही. गाडी पाठवली होती का? घरी कुणाचं मयत झालं का? (तसं असेल तर आख्खं कुटुंब कित्येक दिवस गावाबाहेर असतं.) ही उत्तरं ॲबोरिजिनल हेल्थ वर्करकडे असायची, कारण ती त्याच वस्तीतली. आणि ड्रायव्हरकडे! माझ्या मते ड्रायव्हर म्हणजे निम्मा दवाखाना.

रूमॅटिक फीव्हर (हृदयाला इजा करणारा ताप) झालेल्या मुलाचंच बघा. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं, तेही वर्षानुवर्षं. ती चुकली आणि ताप पुन्हा आला, तर हृदयाच्या झडपा आणखी बिघडतात. मूल आलं नाही म्हणून आईला बोल लावत बसण्यापेक्षा आमची नर्स इंजेक्शन घेऊन शाळेत जायची. आणि त्या आईचा बुजरेपणाही समजून घ्या. १९७०च्या दशकापर्यंत सरकार या लोकांची मुलं उचलून नेत होतं. आजही मूल पडलं-झडलं तर डॉक्टरला सांगताना तिची जीभ अडखळते.

तुम्हाला करता येईल ते असं. रिसेप्शनवर ‘तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळनिवासी) आहात का?’ हा प्रश्न प्रत्येकालाच विचारायला लावा. रंग बघून अंदाज बांधणारे अजून सापडतात. बल्क बिलिंग करा, म्हणजे पेशंटकडून पैसे न घेता फी सरकारी विम्याकडूनच घ्या. रोज थोडा वेळ अपॉइंटमेंटशिवाय येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवा, आणि आजी नातवंडांना घेऊन आली तर सगळ्यांनाच तपासून सोडा. स्वस्त औषधांच्या योजनेत त्यांची नोंद आहे ना, तेही बघा. भिंतीवर ॲबोरिजिनल शैलीतलं ठिपक्यांचं चित्र टांगून ‘आम्ही सर्वांचं स्वागत करतो’ म्हणणाऱ्या प्रॅक्टिसचा मला मनापासून वैताग येतो. त्यापेक्षा केंद्राला फोन करा. पेशंट ओढून आणू नका, वाटून घ्या.

काय करायचं हे ठरवायचा अधिकार मात्र तुमच्या प्रॅक्टिसमध्ये मालकाकडेच राहणार. तो फरक चित्राने, गाडीने भरून निघत नाही.

प्रश्न : याने खरंच आजार कमी होतात, की लोकांना नुसतं बरं वाटतं?

उत्तर : ब्रिस्बेनमध्ये २०१३ पासून समाजाच्या संस्था आणि एक हॉस्पिटल मिळून गर्भवतींसाठी एक कार्यक्रम चालवतात. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीची तीच मिडवाइफ, ने-आण करायला गाडी, सोबतीला समाजातलीच कार्यकर्ती. नेहमीच्या सेवेशी तुलना केली तेव्हा तिथे वेळेआधी जन्मणारी बाळं स्पष्टपणे कमी निघाली. कुठलंही नवं औषध त्यात नव्हतं.

तुमच्याकडे मोजायचंच असेल, तर ७१५ क्रमांकाच्या (सरकारी विम्यातल्या, खास या समाजांसाठीच्या) वार्षिक तपासण्या किती झाल्या हे मोजून थांबू नका. त्यात साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघालेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, ते मोजा.