कोल्हापुरात फ्लॅटवर राहतो. फ्लश टाकीतून कमोडमध्ये पाणी सारखं झिरपतंय. टाकी बदलावी लागेल का?

नाही, बहुतेक वेळा वॉशरवर भागतं. आधी टाकीचं झाकण काढून बघा. पाणी ओव्हरफ्लो पाइपात (टाकीतला उभा पाइप) पडत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली करा. पातळी पाइपाच्या तोंडाखाली इंचभर हवी. तसं नसेल तर टाकीत थोडी कपड्याची नीळ टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं उतरलं की फ्लश व्हॉल्व्हचा (टाकीच्या तळाशी पाणी सोडणारा भाग) रबरी वॉशर गेला समजा. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद करून टाकी रिकामी करा, व्हॉल्व्ह फिरवून काढा. बोअरचं पाणी असेल तर वॉशर टेकतो त्या जागेवर पांढरा क्षार साचतो, तो व्हिनेगरने घासा, नाहीतर नवा वॉशरही गळणार. लक्ष्मीपुरीत दुकानात जाताना जुना वॉशर सोबत न्याच, माप कंपनीगणिक वेगळं असतं.