माहिती आहे, पण सापडत नाही

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर सगळी माहिती आहे, तरी वाचक वेळ विचारायला फोन करतात. मेनू वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. ‘आमच्याविषयी’, ‘सेवा’, ‘इतर’ यांपैकी वेळ कशात दडली आहे, हे वाचकाने कसं ओळखायचं? अशी विभागणी कार्यालयाच्या सोयीने झालेली असते आणि शोधणारा मात्र स्वतःलाच अडाणी समजतो, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक विषय एकेका चिठ्ठीवर लिहा. चार-पाच वाचकांना त्यांचे गट पाडू द्या, गटांना नावंही तेच देतील. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. त्यानुसार मेनू बदलला, की एखाद्याच्या हाती मोबाइल देऊन सांगा, ‘रविवारी ग्रंथालय उघडं असतं का, शोधा.’ मध्ये अजिबात बोलू नका, खुणाही नकोत. बोट जिथे घुटमळेल तिथे दुरुस्ती हवी.

वेळ मात्र आजच पहिल्या पानावर आणा, त्याला चाचणी कशाला? बटणंही बोटाला सहज लागतील एवढी मोठी ठेवा. डब्ल्यूसीएजी २.२ या, वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून केलेल्या २०२३च्या सुलभता निकषांत, काही अपवाद सोडून, त्यांचा आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे. ज्येष्ठ वाचक असतील तिथे मी ४४च धरते.