आधी न्याहारी, मग प्रश्न

"ताई, मी प्रार्थना करते, उपास करते, रोज बायबल वाचते. तरी रात्री माझा हात डब्यात जातोच. हा खादाडपणा म्हणजे पापच ना? की माझा विश्वासच खोटा आहे?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला समुपदेशनात सतत कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्यांत स्त्रिया जास्त, पण पुरुषही असतात. एकदा तर एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरूच होते. एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

त्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवतात. पहिल्या भेटीत पर्स मांडीवर घट्ट धरून जवळजवळ पाऊण तास फक्त वजनाबद्दल बोलल्या. वेळ संपली, त्या उठल्या, आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "अकरा महिने झाले, मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. तबक समोर आलं की पुढे देते. जो अयोग्य रीतीने खातो तो दोषी ठरतो, असं बायबलमध्ये प्रेषित पौलाने लिहिलंय. माझ्याइतकं अयोग्य खाणारं दुसरं कोण?"

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून चर्चमध्ये घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षारस. मी त्यांना परत बसवलं. पुढचा अर्धा तास माझ्याकडे मोकळा होता, देवाचे आभार.

रात्री सगळे झोपले की त्या कपाट उघडायच्या. कपड्यांमागे बिस्किटांचे पुडे दडवलेले असायचे. दिवा न लावता, उभ्यानेच, एकामागून एक. चव कळायची नाही. पोट दुखायला लागलं की थांबायच्या. मग कागद घडी घालून पर्समध्ये, कारण घरच्या कचऱ्यात टाकला तर दिसला असता. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही. शुक्रवारी तर पूर्ण उपास. आणि हे सगळं असताना जगातली एकच भाकर त्या नाकारत होत्या, जी त्यांच्यासाठीच मोडली गेली असं त्या स्वतः मुलांना शिकवत होत्या.

त्याआधी त्या एका समुपदेशकांकडे जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं की हा अपराधगंड धर्मामुळे आहे, चर्च काही दिवस बाजूला ठेवा. त्या पुन्हा तिथे गेल्या नाहीत. मला त्यांचं पटलं. जखम श्रद्धेच्या भाषेत झाली होती, तेव्हा औषधही त्याच भाषेत बोलणारं हवं होतं. पण चर्चच्या मंडळीतल्या काहींनी दिलेला "अजून प्रार्थना करा" हा सल्लाही मला तितकाच धोक्याचा वाटतो. बाई प्रार्थनेत कमी पडत नव्हत्या, जेवणात कमी पडत होत्या.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी नेहमीच करते आणि प्रत्येकाने करावं. मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, चक्कर येणं, पाळी थांबणं, वजन झपाट्याने उतरणं, यातलं काहीही असेल तर नुसत्या बोलण्यावर थांबू नये. वारंवार उलट्यांनी शरीरातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या बाईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं. जे होतं त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने, हात आवरता येत नाही अशा अवस्थेत खूप खाणं. भराभर, भूक नसताना, लाजेमुळे एकट्याने, आणि नंतर स्वतःची किळस. मी ही लक्षणं वाचून दाखवली तेव्हा त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय?"

मग मी वही ठेवायला सांगितली. कॅलरी लिहायच्या नाहीत, वजन लिहायचं नाही. फक्त वेळ, काय खाल्लं, भूक किती होती आणि त्याआधी काय घडलं. दोन आठवड्यांनी आम्ही ती पानं टेबलावर ओळीने मांडली. ज्या रात्री कपाट उघडलं होतं, त्या प्रत्येक दिवशी दुपारचा रकाना कोरा होता. दोन्ही शुक्रवारी तर सकाळपासून कोरा. त्यांनी एकेका कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी मी त्यांना मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा खायला कसं घालावं हे समजून घ्यायला अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण निवडले. ते सगळे हातात शस्त्र घ्यायला सद्सद्विवेकाने नकार दिलेले स्वयंसेवक होते; त्यांतले बरेच क्वेकर, मेनोनाइट, ब्रदरन अशा शांतिवादी मंडळ्यांतले, म्हणजे श्रद्धेसाठी किंमत मोजलेले. १९४५ साली २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने घटलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ही माणसं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली. प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरलं तरी काहींची भूक मिटेना. काही जण आजारी पडेपर्यंत खात होते.

"यांना तुम्ही खादाड म्हणाल?" मी विचारलं.

"छे! त्यांना उपाशी ठेवलं होतं."

"आणि तुम्हाला?"

उत्तर आलं नाही. पण पुढच्या भेटीत त्या कलस्सैकरांस पत्र उघडूनच आल्या. दुसऱ्या अध्यायात पौल शिवू नको, चाखू नको अशा नियमांबद्दल बोलतो. हे नियम शहाणपणाचे दिसतात, शरीराला कठोरपणे वागवायला लावतात, पण देहाची हाव आवरायला त्यांचा काही उपयोग नाही, असा त्याचा आशय. वर्षानुवर्षं वाचलेला परिच्छेद. त्या म्हणाल्या, "ताई, ही माझ्या वहीचीच गोष्ट आहे."

आम्ही मग ज्या वचनांनी त्यांना मारलं होतं, ती एकेक करून पुन्हा वाचली. त्या तेरा वर्षांच्या असताना एका शिबिरात कुणीतरी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, लक्षात ठेव." तेव्हापासून ते वचन त्यांच्यासाठी वजनकाटा झालं होतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला. त्या वचनाच्या लगेच आधीचा भाग जारकर्माविषयी आहे, कंबरेच्या घेराविषयी त्यात अक्षर नाही. आणि अकरावा अध्याय, ज्याने त्यांचं प्रभुभोजन थांबवलं? करिंथच्या मंडळीत ज्यांच्याकडे होतं ते आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यावर चिडला आहे. शेवटी तो सांगतो काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. रात्री अंधारात एकटीने खाणाऱ्या बाईला मेजावरून उठवण्यासाठी ते वचन लिहिलेलं नाही. कुणाला उपाशी ठेवू नका हे सांगण्यासाठी लिहिलं आहे. हे वाचताना माझाही आवाज चढला, कारण याच वचनाखाली दबलेली किती तरी माणसं मी पाहिली आहेत.

पुढचं काम साधं होतं आणि अवघड होतं. दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा थोडं काही, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. रात्री कपाट उघडलं तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी ठरल्या वेळी. आणि उपास पूर्ण बंद. त्या शेवटच्या अटीवर त्या अडल्या. "देवाला दिलेला शुक्रवार मी परत कसा घेऊ?" मी त्यांना पाळकांशी बोलायला सांगितलं. पाळक म्हणाले, ज्याने जीव धोक्यात येतो ते अर्पण प्रभू मागत नाही. शुक्रवारी उपास करण्याऐवजी कुणाला तरी जेवू घाला. यशयाच्या ५८व्या अध्यायातला उपास तोच आहे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा. रोमन कॅथलिक चर्चचा कायदासुद्धा उपासाचं बंधन साठीजवळ आलेल्यांवर ठेवत नाही. खाण्याचा आजार असलेल्याने उपास सोडणं म्हणजे माघार, असं मी मानत नाही.

एक दिवस मी त्यांना दुपारचा डबा घेऊन बोलावलं. मीही माझा डबा उघडला. त्यांनी डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना केली, ओठ हलत होते. मी विचारलं, "काय मागितलंत?" त्या गोंधळल्या. "क्षमा. जेवणाआधी मी नेहमी क्षमाच मागते." कधीपासून ते त्यांना आठवेना. आभाराची प्रार्थना कधी माफीची झाली ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. मी म्हटलं, आज फक्त आभार माना, बाकी काही नको. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. या खेपेला बराच वेळ गेला. मग पहिला घास घेतला, चावला, आणि आश्चर्याने म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." त्यांना चव लागली होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन महिन्यांनी घरात मोठं भांडण झालं आणि त्या रात्री तीन पुडे संपले. सकाळी न्याहारी नाही, दुपारी जेवण नाही, आणि संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसल्या त्या निकाल ऐकायला आल्यासारख्या. मी योहानाचा २१वा अध्याय वाचायला दिला. येशूला अटक झाली तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं ते अंगणात, कोळशांच्या विस्तवाशेजारी शेकत असताना. आता पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर उभा आहे, आणि तिथेही कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. ग्रीक नव्या करारात हा शब्द फक्त या दोनच ठिकाणी येतो. रात्रभर जाळं टाकून थकलेली माणसं किनाऱ्याला येतात, तेव्हा विस्तवावर मासळी आणि भाकर आधीच आहे. आणि येशू त्यांना काय म्हणतो? "या, न्याहारी करा."

"आणि पेत्राला 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय' हे कधी विचारतो?" मी म्हटलं.

त्यांनी बोटाने ओळ शोधली. "न्याहारी झाल्यावर."

"तुम्ही क्रम उलटा लावलाय. आधी स्वतःला जाब विचारता, मग उत्तर पटलं तर जेवू देता."

त्या काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन जेवल्या, एवढं वहीत लिहिलेलं पुढच्या वेळी दिसलं. त्याखाली एक ओळ होती: "भांडणाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं." तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं. रात्रीच्या त्या तासात भूक किती, एकटेपण किती आणि न उच्चारलेला राग किती, हे वेगळं करायला आम्हाला पुढचे सहा महिने लागले. पोट भरलेलं असलं की ते वेगळं करता येतं, उपाशी माणसाला सगळं भूकच वाटते. म्हणून मी जेवणाच्या वेळा आधी बसवते, मनाच्या खोलात नंतर उतरते.

वजनाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मला ठाऊक नाही. त्यांनी काटा उचलून ठेवला आणि मी विचारलं नाही. रात्रीचं खाणं आठवड्यातून चार-पाच वेळांवरून महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं. कपड्यांमागचे पुडे स्वयंपाकघरातल्या फळीवर आले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि एका रविवारी तबक आलं तेव्हा त्यांनी ते पुढे दिलं नाही. शेजारच्या बाईंनी नकळत त्यांचा हात धरला, असं त्या सांगत होत्या.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला शाळेतला प्रसंग सांगितला. मुलांना मान्नाचा, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाचा, धडा होता. प्रत्येकाने त्या दिवसापुरताच गोळा करायचा; काहींनी सकाळसाठी ठेवला, त्यात किडे पडले, त्याला घाण येऊ लागली आणि मोशे रागावला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मिस, ज्यांनी लपवून ठेवला होता, त्यांना दुसऱ्या दिवशी मिळाला का?"

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पुढचं वचन मुलांना वाचून दाखवलं. रोज सकाळी ते गोळा करत, ज्याला जितका लागे तितका.

"मग मी त्याला सांगितलं," त्या म्हणाल्या, "हो, मिळाला. त्यांनाही मिळाला."