साडेसात महिने भारतात राहिले, आता अमेरिकेच्या नागरिकत्वाचं काय?

प्रश्न : मला १२ एप्रिल २०२१ रोजी ग्रीन कार्ड मिळालं. आईच्या मणक्याच्या ऑपरेशनसाठी ३ जून २०२३ ला भारतात गेले, ती थेट २० जानेवारी २०२४ ला परतले. नवरा आणि मुलगी न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरीच होते. बारा आठवड्यांची रजा संपल्यावर मला नोकरी सोडावी लागली; मार्च २०२४ मध्ये दुसरी मिळाली. भारतात काही काम केलं नाही. इतर प्रवासाचे मिळून ९६ दिवस होतात. री-एंट्री परमिट (बराच काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना) काढलं होतं, म्हणून अडचण येणार नाही असं मैत्रीण म्हणते. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज कधी भरू?

उत्तर : परमिटवर विसंबू नका. ग्रीन कार्ड टिकवायला त्याची मदत होते, पण नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य त्यामुळे टिकत नाही.

इथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि बहुतेकांचा घोटाळा त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. पहिला प्रत्यक्ष हजेरीचा : अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस. निघायचा आणि पोचायचा दिवस अमेरिकेतलाच धरतात. त्यामुळे तुमची मोठी गैरहजेरी २३० दिवसांची. इतर ९६ मिळवले तर ३२६. पाच वर्षांच्या १८२६ दिवसांतून ते वजा जाता १५०० उरतात. ही काळजी सोडा.

दुसरा हिशेब सलग वास्तव्याचा, आणि तुमचा पेच इथेच आहे. एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी काळ बाहेर राहिलात, तर सातत्य तुटलं असं कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं. त्यासाठी नियमात चार उदाहरणं दिली आहेत : अमेरिकेतली नोकरी सोडली नाही, जवळचं कुटुंब इथेच राहिलं, घर आपल्या ताब्यात होतं, परदेशात नोकरी धरली नाही. चारही असलीच पाहिजेत असं नाही. तुमच्याकडे तीन आहेत. फक्त भारतात बसून ऑनलाइन शिकवण्यासारखं काही पैसे घेऊन केलं असेल, तर ते ‘काम नव्हतं’ असं स्वतःच ठरवू नका. अर्जाआधी वकिलाला सांगा.

आईच्या आजारपणाची फाइल जोडा, पण सर्वांत वर ठेवू नका. अधिकाऱ्याला मुख्यतः तुम्ही का गेलात यापेक्षा त्या काळात तुमचं घर कुठे होतं हे ठरवायचं असतं. म्हणून आधी दोघांच्या नावाचा भाडेकरार, त्या आठ महिन्यांची भाड्याची आणि विजेची बिलं, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, मुलीच्या शाळेचं पत्र, बँकेची स्टेटमेंट आणि आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून घेतलेली २०२३ व २०२४ ची टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या कराचा उतारा) लावा. मग रजेचं पत्र आणि परतीचं मूळ तिकीट : परतायची तारीख आधी ठरलेली होती आणि ऑपरेशनमुळे ती पुढे गेली, हे त्यावरून दिसतं. कुठल्याही वर्षी अनिवासी म्हणून कर भरला असेल, म्हणजे १०४०-एनआर हा फॉर्म दिला असेल, तर मात्र थांबा. त्याने ग्रीन कार्डावरच प्रश्न उभा राहतो.

ग्रीन कार्डाला पाच वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज भरता येतो. तुमच्यासाठी ती तारीख १२ जानेवारी २०२६. एक दिवसही आधी नको. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. दुसरा मार्ग म्हणजे परतल्यापासून साडेचार वर्षं, जुलै २०२८ च्या अखेरपर्यंत थांबणं. तेव्हा त्या गैरहजेरीचा सहा महिन्यांहून कमी भाग पाच वर्षांच्या कक्षेत उरतो आणि ते गृहीतक लागूच होत नाही. माझ्या मते इतकं थांबायची गरज नाही, तुमचा पुरावा भक्कम आहे. नकार आलाच तर ३० दिवसांत एन-३३६ भरून फेरसुनावणी मागता येते, नाहीतर पुढे नवा अर्ज करता येतो. मात्र अर्ज म्हणजे सगळी फाइल नव्याने उघडणं. अटक, किंवा लायसन्स काढताना चुकून झालेली मतदार नोंदणी, असं काही असेल तर आधी सल्ला घ्या.

चोवीस तासांहून मोठा प्रत्येक प्रवास अर्जात लिहावा लागतो. हा २३० दिवसांचा प्रवास कमी करून दाखवायचा मोह टाळा. प्रवासाच्या नोंदी अमेरिकी सरकारकडे असतात. शपथेवर खोटं बोललात तर सावरता येणारं प्रकरण सचोटीच्या अटीवर अडकतं, आणि तसं मिळालेलं नागरिकत्व नंतरही रद्द होऊ शकतं.

मुलाखतीत अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांवर २० पर्यंत प्रश्न विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांची नवी यादी आहे. जुन्या १०० प्रश्नांवर तयारी करू नका. वास्तव्याचं सातत्य नागरिकत्वाच्या शपथेपर्यंत टिकवावं लागतं, तेव्हा मधल्या काळात आईकडे जाणं झालं तर सहा महिन्यांच्या बरंच आत परता.

मुलगी १८ च्या आत असेल, तिच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि ती तुमच्या ताब्यात, तुमच्याजवळ राहत असेल, तर तुमच्या शपथेबरोबर ती आपोआप अमेरिकेची नागरिक होते. तुमचं भारतीय नागरिकत्व मात्र त्याच दिवशी संपतं (१९५५ चा कायदा, कलम ९). त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका. तो सरेंडर करून प्रमाणपत्र घ्या आणि मग ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज करा. गावी शेतजमीन असेल तर वारसाने ती तुमच्याकडे येऊ शकते, पण ओसीआयवर नवी विकत घेता येत नाही. तसा विचार असेल तर शपथेआधीच घरच्यांशी बोलून घ्या.